विमान का अडकतं

अहो,

तुमचा कम्प्युटर हँग का होतो ते सापडलं. माझ्या मिक्सरनं न्हाई होत.

नणंदबाईनं शिवलेलं ते मखमली कव्हर तुम्ही धूळ आत जाईल म्हणून कम्प्युटरच्या चालू डब्ब्यावरही तसंच ठेवता. आतला पंखा फिरतो, पण गरम हवेला बाहेर पडायला जागाच न्हाई. डब्बा तव्यावानी तापतो अन् गेममधलं विमान उतरवायच्या वक्ताला स्क्रीन जाम. मंग तुम्ही सैपाकघरात येऊन वरडता, "मिक्सर बंद कर, लाइट कमी पडून राह्यली!" वर्षभर मी चटणी पाट्यावर वाटली. परवाबी मिक्सरला हात लावला नव्हता, तरी कडूबा भाऊजींसमोर माझ्या कानाखाली वाजवली.

काल तुम्ही जांबला गेल्ते. मी कव्हर काढलं, विमान चालू केलं, वरून मिक्सरमधी चटणी वाटली अन् तुमच्या सगळ्या शर्टांना इस्त्री केली. दुपारभर एकदाबी अडकलं न्हाई. तुम्हाला आजवर न जमलेलं विमान मी दुसऱ्याच खेपेला खाली टेकवलं. इतकं सोपं असतं, हे माहीत नव्हतं.

कव्हरचं पायपुसणं केलं, बाथरूमपुढं टाकलंय.

मी शहागडला माहेरी चालले. मिक्सर माझ्या बापानं दिल्ता, तो घेतला. भाकरी टोपल्यात आहे, आजच्यापुरती. न्यायला येऊ नका.

आता बिनधास्त उडवा. अन् पडलं, तर कानाखाली वाजवायला घरात तुमचाच गाल आहे.

बेबीनंदा