लाकडं फोडायचं मशीन आणि तुमची कुऱ्हाड

बाबा,

गावाला लाकडं फोडायचं मशीन घ्यायचं ठरलंय आणि ते निवडायचं काम माझ्याकडे आलंय. हसू नका. नदीकाठच्या स्मशानात ओंडके येऊन पडतात, पण ते फोडणारं माणूस आपल्या कोल्हारात उरलं नाही. ग्रामपंचायतीच्या बैठकीत सरपंचबाई म्हणाल्या, "सर, तुमीच बघा. तुमच्या घरातलंच काम हाय ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टेबलाकडे बघत हो म्हणालो.

परवा राहुरीला एका वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. दोन तऱ्हेची मशीनं होती. एकात मोटरवर गरगर फिरणारा टोकदार स्क्रू, ओंडका नुसता टेकवला की तो आत शिरतो आणि लाकूड दुभंगतं. फार झटपट. दुसऱ्यात डिझेल इंजिन आणि तेलाच्या दाबानं पुढे सरकणारी पोलादी पाचर, जरा सावकाश चालणारी. मालकानं निलगिरीचे सरळ तुकडे काकडीसारखे फोडून दाखवले. माझ्याबरोबरचे दोघं सदस्य खूश झाले. मी म्हणालो, हे काय, हे तर कोणीही फोडील, चिंचेची गाठ लावा. कोपऱ्यात एक पडलेली होती. स्क्रू त्या गाठीत रुतून बसला, पट्टा घसरून जळका वास सुटला. दुसरं मशीन कुरकुरलं, थांबल्यासारखं झालं आणि मग गाठ फाटली. मी पाचरेचं वेल्डिंग बघितलं, तेल कुठे गळतंय का ते बोट फिरवून पाहिलं आणि म्हणालो, हेच टिकेल. सदस्य म्हणाला, "शेवटी बापाचं शिक्षण हाय!" मी नाही म्हणालो नाही.

शिक्षण तुम्ही दिलंत, हे खरं. मी घेतलं नाही. वखारीत तुम्ही ओंडका आधी पायानं लोळवून चारी बाजूंनी बघायचात. "गाठीवर घाव घालायचा न्हाई, गाठीच्या बगलंला घालायचा," म्हणायचात. आणि "एक घाव दोन तुकडे ही म्हण लाकूड न फोडणाऱ्यानंच काढली असंल." मी तिथे तुमचा डबा घेऊन येत असे आणि डबा ठेवून लगेच पळत असे, वर्गातलं कोणी बघेल म्हणून. वखारीत मजुरी घ्यायचात, पण गावात कोणी गेलं की न बोलावता कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघायचात आणि सरणाची लाकडं फोडल्याचा चहासुद्धा घ्यायचा नाहीत.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलो, तो दिवस. शेजारचे तात्या गेलेत. तुम्हाला दम्यानं खाटेवरून उठवत नाही. तुम्ही मला जवळ बोलावता, भिंतीची कुऱ्हाड काढायला लावता आणि म्हणता, "तेवढं फोडून ये. चिंच तोडलीय त्यांनी, पोरांना जमायचं न्हाई. मी सांगितलंय तसं कर." मी हायस्कुलात नुकताच कायम झालोय, अंगावर इस्त्रीचा शर्ट आहे. घाटावर मुख्याध्यापक असणार, माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप असणार, आणि त्यांच्यासमोर मी घामाघूम होऊन लाकडं फोडायची. मी कुऱ्हाड घेऊन निघालो खरा, पण घाटाकडे वळलोच नाही. पुलाच्या पलीकडे, बाभळीच्या आड, कुऱ्हाड मांडीवर घेऊन दुपारभर बसून राहिलो. धूर दिसला तेव्हा घरी आलो.

तुम्ही विचारलंत, "गाठ होती का रं?"

"होती."

"फुटली?"

"फुटली."

तुम्ही हात पुढे केलात. मी कुऱ्हाड दिली. तुम्ही पात्यावरून अंगठा फिरवलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. चिंचेवर चाललेल्या पात्याची धार मरते, त्याला भुसा चिकटून राहतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि मी खोटं बोलताना नेमका विसरलो होतो. तुम्ही कुऱ्हाड परत दिलीत. "धार चांगली राहिली," एवढंच म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. एक मुस्काटात दिली असतीत तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर तुम्ही मला कसलंच काम सांगितलं नाहीत. पाणीसुद्धा आईकडे मागायचात.

मागून कळलं की तात्यांच्या सरणावर ओंडके तसेच रचले होते, मधूनमधून डिझेल ओतावं लागलं. त्याच वर्षी तुम्ही गेलात. मुलानं त्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, तेव्हा माझी सुटका झाली. तुमची लाकडं तात्यांच्या थोरल्यानं फोडली, स्वतःची कुऱ्हाड आणून. त्याला सवय नव्हती. सगळं आटोपल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला, तळहाताला फडकं बांधलेलं. "बारीक फोडलीत, सर. काकांना तरास झाला न्हाई," म्हणाला. तात्यांच्या वेळी मी कुठे होतो, हे त्यानं विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. रस्त्यात भेटला की पहिला नमस्कार तोच करतो. मला लाज वाटते बाबा. इतक्या वर्षांनीसुद्धा तो लांबून दिसला की मी चप्पल नीट करायला वाकतो.

मशीन पुढच्या आठवड्यात येईल. सरपंचबाईंनी माझा सत्कार ठेवलाय, नारळ आणि शाल. चौकशी करताना मी सगळ्यांना सांगितलं की गावाची सोय होईल, घाटावर माणसं खोळंबणार नाहीत. ते खोटं नाही. पण एवढी धावपळ मी केली ती दुसऱ्याच कारणासाठी. दारात येऊन कोणी "सर, जरा कुऱ्हाड घेऊन येता का" असं विचारू नये, म्हणून.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पाठवता आलं असतं, तर मी शेवटची एक ओळ खोडली असती, ती मात्र इथे राहू देतो. तुमची कुऱ्हाड मी दर खंडेनवमीला पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो. तुमच्या नातवंडांना सांगतो, ही आजोबांची. तिला अजून धार लावावी लागलेली नाही. आहे ती तुम्हीच लावलेली आहे.