दाखल्यावरचं व्हायोलिन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वाद्यांची दुरुस्ती व विक्री, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं नाही. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावं. ते समोरच बसले आहेत.

कलम १. दुकान, हत्यारं, सरसाचं भांडं आणि भिंतीवरची अर्धवट वाद्यं माझ्या कारागिराला द्यावीत. "मालक, तुम्ही जरा गप्प बसलात तर काम लवकर होईल," असं तोंडावर सांगणारा तो एकटाच.

कलम २. बँडमास्तरने नेलेली क्लॅरिनेट त्याच्याकडेच राहू द्यावी. चौदा वर्षं "उद्या आणतो" म्हणतोय. आता आणलीच तर घेऊ नये. त्याला जन्मभर माझ्या दुकानासमोरून तोंड लपवून जाऊ दे.

कलम ३. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. हे कलम वाचल्यावर ती काहीच घेणार नाही अशी मला भीती आहे, तरी लिहितो.

मी परदेशातून जुनी व्हायोलिनं आणून विकायचो. प्रवाशाने स्वतःचं वाद्य नेऊन परत आणलं तर विमानतळावर कर लागत नसे. जाताना तसा दाखला मिळायचा: "व्हायोलिन एक, जुनं, स्वतःचं." एकदा बहिणीला गळ घातली, "चल, तुला जग दाखवतो." बिचारी हरखली. आईने शिवणकाम करून घेऊन दिलेलं व्हायोलिन तिने सोबत घेतलं आणि दाखला तिच्या नावाने झाला.

परतताना तिच्या पेटीत मी दुसरंच, भारी व्हायोलिन ठेवलं. "तुझं तिथल्या दुकानदाराने सांभाळून ठेवलंय. पुढच्या खेपेला आणतो." ती रडली, पण दादाचा शब्द म्हणून पेटी उचलून निघाली.

विमानतळावरचा साहेब म्हणाला, "तुमचंच ना? वाजवून दाखवा." तिने डोळे मिटून वाजवलं. रांगेतली माणसं बोलायची थांबली. लहानपणापासून तिला ऐकत होतो. असं कधी ऐकलं नव्हतं. साहेबाने शिक्का मारला. बाहेर येताच मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. गिऱ्हाईक गाडीत थांबलं होतं.

पुढच्या खेपेहून आल्यावर सांगितलं, "दुकान बंद होतं गं." ती शुद्ध थाप होती. भारी व्हायोलिनची किंमत उतरावी म्हणून तिचं मी ते घेतलं त्याच दिवशी तिथल्या दुकानदाराला बदल्यात देऊन टाकलं होतं. दुसरं देऊ केलं तर म्हणाली, "नको रे, माझं येईल ना." सव्वीस वर्षं तिने वाजवलेलं नाही. अजून विचारते, "दादा, ते दुकान उघडलं असेल का?" मी नालायक माणूस आहे. याहून बरा शब्द मला सापडत नाही.

डॉक्टर म्हणतात, "तुम्हीच सांगा की तिला." तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो, जीभ रेटली नाही. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पण मी गेल्यावर ती आधी माझ्यासाठी रडेल, आणि ते रडणंही मी फसवून घेतलेलं असेल. म्हणून कलम ३ डॉक्टरांनी आजच तिला वाचून दाखवावं. मी दुकानातच आहे. तिला जे बोलायचं ते तिने मला जिवंतपणी बोलावं.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: दुकानाशेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: डॉक्टर (सही). तिच्याकडे निघालो आहे.
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा