टाळ्या चुकीच्या जागी पडल्या

मी, पंडित दगा बोरसे, वय ७६, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार डिंडोली, सुरत, पूर्ण शुद्धीत आणि तितक्याच संतापात हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर दबाव आला होता. मी तो जुमानला नाही.

१. माझे डिंडोलीचे घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते सून सौ. गायत्री हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. मुलगा अभिजीत याचा त्यावर हक्क राहणार नाही. कारण लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला.

गणेशोत्सवासाठी मी एक नाटक लिहिले. त्यातला नायक नगरसेवक होण्यासाठी बापाचे घर विकतो आणि छाती काढून म्हणतो, "ज्याला घर सुटत नाही, त्याला गाव कसं मिळणार?" अहो, त्याची फजिती व्हावी म्हणून तो लिहिला होता! काम अभिजीतने केले. त्या वाक्याला मंडळाने शिट्ट्या मारल्या, टाळ्या कुटल्या. हसली एकटी गायत्री. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने तोंडाला पदर लावला.

मग अभिजीतच्या वाढदिवसाला मंडळाचे अध्यक्ष छगनराव यांनी तेच वाक्य त्याच्या फोटोखाली छापून चौकात बॅनर लावला. शेजारी धुडकू म्हणाला, "मास्तर, पोऱ्या ते खरं मानी ऱ्हायना." म्हणजे, पोरगा ते खरेच मानू लागलाय. तसेच झाले. चिरंजीव आता निवडणूक लढवणार, म्हणून रोज घरविक्रीचा कागद पुढे करतात. "पप्पा, सही करी दो ने!" मी म्हणालो, "अरे, नाटकातला तो माणूस शेवटी रस्त्यावर येतो." तर म्हणे, "तो शेवट तुम्ही उगाच लिहिला." हद्द झाली! जन्मभर पोरांना व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीआडची निंदा, शिकवली आणि दिव्याखालीच अंधार.

२. बँकेतली ठेव नात मानसीच्या शिक्षणासाठी. प्रचाराच्या चहापाण्याला त्यातली दमडी देऊ नये.

३. नाटकाचे हक्क गायत्रीला. छगनरावांच्या मंडळाला प्रयोग करू देऊ नये. कुठे हसायचे ते सांगायला मी वरून खाली येणार नाही.

४. शोकसभा नको. छगनराव माझी स्तुती करतील आणि लोक तीही खरी मानतील.

५. अग्नी मात्र अभिजीतनेच द्यावा. रागावलो असलो तरी पोर माझेच आहे, जीव तुटतो. फक्त त्या वेळी फोटोवाला आणू नये. हात जोडून लोकांकडे बघू नये. माझ्याकडे बघावे.

सही: पंडित दगा बोरसे

मास्तरांनी सगळे मोठ्याने वाचून आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. धुडकू उखा पाटील, शेजारी
२. नूतन वाघ, निवृत्त शिक्षिका

सुरत, ९ नोव्हेंबर २०२५