उडणाऱ्या पोरीची दोन नावं

अनसिंग, भाऊबीज, १९७६. दिवेलागण.

मी सांगून राह्यली, नात शोभा लिहून राह्यली. मुंबईची हाये, मधातच खिदळते.

तिनं तिकडं टीव्हीवर चित्रातली पोरगी पाह्यली, चौदा-पंधराची. पाठीवर लाल फडकं बांधलं का उडते, लोकायले वाचवते. घरी आली का फडकं दप्तरात, अन् नाव दुसरं. मायलेही पत्ता नाही. मंग खरी कोणती? म्या इचारलं, तं शोभी म्हणे, "आजी, तुझं खरं नाव कोणतं?"

घ्या! माहेरी मी तुळसा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं माहं नवं नाव लिहिलं, सरस्वती. मले अक्षर येत नाही, सासूलेच हळूच इचारलं, "काय लिहिलं वो, आत्याबाई?" लाल शालू माह्याही अंगावर व्हता, पण उडता कुठं येते!

तुळसा म्हणणारा एक भाऊच उरला व्हता. औंदा तोही नाही. मंग तुळसा आता हाये का नाही?

"शोभे, खाली तुळसा लिही, अन् मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. कोणाले हाक मारली म्हून म्याच दाराकडं पाह्यलं.