विकलेल्या गाडीवरचा टॅक्स

पेण, रविवार

प्रिय जनू,

तू फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मित्राने मित्राला जुनी गाडी विकली तर तिच्यावर जीएसटी लागत नाही. तुझ्या प्रणितने कंपनीत ऐकलेले अठरा टक्के खोटे नाहीत, पण ते जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी, आणि तेही त्यांच्या नफ्यावर. माझी विद्यार्थिनी मृणाली आता इथे करसल्लागार आहे, तिला मुद्दाम जाऊन विचारलं. ती हसली. म्हणाली, "सर, तुम्ही काय गाड्यांचं दुकान टाकलंय का?" रोड टॅक्स मी गाडी घेतानाच भरला होता, तो परत भरावा लागत नाही. आरटीओत नाव बदलायची फी तेवढी भरायची आणि विमा तुझ्या नावावर करून घ्यायचा. रोहा काय नि पेण काय, जिल्हा एकच, त्यामुळे काम इथेच होईल.

खरं सांगू, उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळालं होतं. मी तरी बसून राहिलो. इस्त्रीचा शर्ट घालून कुणाकडे तरी कामासाठी जायचं, असं मालती गेल्यापासून घडलंच नव्हतं. मुलगी ऑस्ट्रेलियाहून रोज फोन करते, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. मग घरात नुसता पंखा. म्हणून मृणालीला आणखी चार प्रश्न विचारले. आपण एकाच बाकावर बसायचो, तू खाडीपलीकडून चालत यायचास, पायाला मिठागराचा चिखल असायचा, हेही सांगितलं. तिचे पुढचे लोक ताटकळले होते. पोर गुणी, तिने चहा मागवला.

गाडी विकायची ठरवली तेव्हा तूच आडवा आलास. "दुसऱ्याला नको देऊ. मी घेतो. आपल्या डोल्यासमोर तरी ऱ्हाईल," म्हणालास. मला वाटलं, तू माझ्यावर दया करतोयस. शेजारची सीट रिकामी बघवत नाही म्हणून गाडी काढतोय, हे तुला न सांगता कळलं होतं. कशाला हवी तुला, विचारलं तर म्हणालास, "बायजाला फिरवीन. उभा जल्म तिनं एस्टीच्या दांड्याला धरून काढला." तू रोह्याच्या दिशेने गाडी नेलीस आणि मी फाटकाशी उभा राहिलो. तू मागे वळून पाहिलं नाहीस, याचा थोडा रागही आला.

मी उठलो तेव्हा मृणाली म्हणाली, "सर, काचेवरचा फास्टॅग बंद केलात ना? नाहीतर टोल तुमच्याच खात्यातून जात राहील." मला त्यातलं काही सुचलंच नव्हतं. बँकेचे मेसेज मी वाचत नाही. घरी येऊन चष्मा लावला आणि वाचत बसलो. त्या पैशांबद्दल तू अवाक्षर काढायचं नाहीस, ते मी आत्ताच सांगून ठेवतो.

दर मंगळवारी टोल कापला गेला होता. सकाळी मुंबईच्या सागरी पुलावर जाताना, संध्याकाळी येताना. आधी बरं वाटलं, फिरतायत दोघं. मग वाटलं, फिरायला माणूस काशीदला जाईल, दिवेआगरला जाईल. दर मंगळवारी मुंबईला कोण जातं? मला उत्तर ठाऊक होतं, जनू. मालतीला केमोला न्यायचो तेव्हा हा पूल नव्हता, आम्ही वाशीवरून जायचो. पण वार मंगळवारच, आणि संध्याकाळी परत येणंही तसंच.

तरी मन मानेना, म्हणून तुझ्या सुनेला फोन केला. दिपिका म्हणाली, "काका, बाबांनी तुम्हाला सांगू नको म्हटलंय. ते म्हणाले, गोपाळने एकदा बघितलंय, आता परत त्याला नको." प्रणितची शिफ्ट असते, म्हणून बायजाला घेऊन तू एकटाच जातोस, हेही तिने सांगितलं.

मला राग आलेला नाही. मालतीच्या वेळी तूही विचारायचास, येऊ का रे बरोबर, आणि मीच नको म्हणायचो. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही, ही खोड आपल्या दोघांनाही आहे. फोन केला असता तर तू "काय नाय रे, बरी हाय ती" म्हणून ठेवून दिला असतास. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून हे लिहितोय. टॅक्सचं काय, ते प्रणितला दोन ओळींत कळवता आलं असतं.

परवा मंगळवार. हे पत्र उद्या रोह्याला येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती देतोय. सकाळी जाताना इथे पेणला, रामवाडीच्या एसटी स्टँडसमोर गाडी थांबव, मी उभा असेन. तिथल्या इस्पितळातल्या रांगा, खिडक्या मला पाठ आहेत, परतताना गाडी कुठे उभी केली तर उलटीला बरं पडतं तेही. गाडी मी चालवीन. वर्षभर मालतीला नेलं, पण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असायचे आणि ती मागे एकटी पडलेली असायची. तू मागे बायजाजवळ बस.

वाट बघतोय.

तुझाच,
गोपाळ