बटणावरचं कुंकू

रविवार, संध्याकाळ. डहाणू.

आजचा अख्खा दिवस तलासरीला मोठ्या दिरांच्या अंगणात गेला. यांनी त्यांच्या जुन्या गाडीला चावीऐवजी दाबून सुरू करायचं बटण बसवून दिलं. गाड्यांच्या वायरिंगचंच यांचं दुकान, पण माझ्या गाडीची चावी दोन वर्षं झाली, तीनदा खुडबुड केल्याशिवाय फिरत नाही. ते मात्र दिसत नाही!

काम झाल्यावर हे म्हणाले, “वहिनी, पहिलं बटण तुम्ही दाबा.” जाऊबाईंना गाडी चालवतासुद्धा येत नाही. आणि बटणाला हळदकुंकू लावायला ताट घेऊन उभी कोण? मी. कुंकू जरा जास्तच ओलं कालवलं आणि चांगलं थापलं. मुद्दाम? हो, मुद्दाम. ते फटीत उतरलं, बटण आत गेलं ते अडकूनच बसलं. यांना सगळं पुन्हा उघडून पुसावं लागलं. माझ्यावर कुणाचाच संशय नाही.

परतताना वाटेत चिखल्याला थांबलो, तर माझी चावी पुन्हा फिरेना. हे हसले. “तुझं बटण कधीच आणून ठेवलंय. आधी दादाच्या गाडीवर हात बसवून घेतला.”

म्हणजे तरी पहिलं जाऊबाईंनाच!

पुढच्या रविवारी माझं बसणार. पूजेला जाऊबाई येतील. कुंकवाचं ताट काही त्यांच्या हाती द्यायची नाही मी.