सातवे प्रकरण आणि तपकिरी वर्तुळ

हडर्सफील्ड, मंगळवार सकाळ

तीर्थस्वरूप विनीमावशीस, नेव्हिलचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तितकाच, उरलेला भाव समजून घ्यावा).

तुझ्या खुब्याच्या नव्या सांध्याने फाइली गावच्या समुद्रवाऱ्यात पहिला महिना कसा काढला, जिना चढताना तो अजून कुरकुरतो का, आणि कुरकुरत असल्यास चढताना जास्त की उतरताना, हे सविस्तर कळवावे. शेजारच्या मिसेस ऑलरेनशॉ यांनाही माझा नमस्कार सांग (त्यांचा माझ्याविषयी जो गैरसमज झाला आहे त्याबद्दल पुढे लिहितोच). ग्लेनिस खुशाल आहे. मीही तसा खुशाल आहे. रक्तदाब तेवढा वाढला असून त्याचे कारण ऐंशीवर एक मिलिमीटर व्यासाचे एक तपकिरी वर्तुळ आहे.

तुला सगळे ठाऊक आहे, तरीही क्रमाने सांगतो (क्रम सुटला की मला चक्कर येते). तुझ्या लेकाच्या, डंकनच्या, ‘द लेट पार्सल्स’ या वाद्यवृंदाने १९८६ ते १९९१ या काळात पाच छोट्या तबकड्या, दोन मोठ्या, आणि एका हातछपाईच्या मासिकाबरोबर फुकट वाटलेली एक लवचीक तबकडी काढली. ही शेवटची लावली असता शेजारच्या घरात कोणी सॉसेज तळत आहे आणि पलीकडच्या घरात कोणी गिटार वाजवत आहे, असा भास होतो. या आठही तबकड्यांची संपूर्ण सूची मी तीस वर्षे करीत आहे. तबकडीचा वेग, लेबलचा रंग, कागदाची जाडी, इतकेच काय, तबकडीच्या मध्याजवळ जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कारागिराने सुईने कोरलेला मजकूरही मी भिंगाखाली वाचून टिपला आहे. (पहिल्या तबकडीच्या एका बाजूस ‘दोरीवरचे कपडे आत घ्या’ असे कोरलेले आहे आणि दुसऱ्या बाजूस ‘घेतले’. गाण्यांशी याचा संबंध काय, हे डंकनलाही सांगता येत नाही. तो आता कॅनडात काचेच्या खोल्या विकतो आणि फोनवर एवढेच म्हणतो, “नेव्हिल, आम्ही तरुण होतो रे!”)

आता तिसरी छोटी तबकडी. तिची पहिली पाचशे कव्हरे छापखान्यातून सपाट कागद म्हणून आली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे घरच्याच मंडळींनी स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून घड्या घालून चिकटवली. यांपैकी सदतीस प्रतींवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर त्याच जागी, एक तपकिरी वर्तुळ आढळते. हे वर्तुळ म्हणजेच माझ्या सूचीच्या पुस्तकाचे सातवे प्रकरण, आणि प्रकाशकाने पुस्तक घेतले ते या प्रकरणासाठी. अठरा पानांत मी असे सिद्ध केले आहे की हे वर्तुळ मुद्दाम काढलेले असून बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावावर उगवणाऱ्या चंद्राचे ते प्रतीक आहे. संग्राहक मंडळाच्या बैठकीत, पबच्या वरच्या खोलीत, मी यावर व्याख्यान दिले, तेव्हा चार जणांनी टाळ्या वाजवल्या (दोघे खुर्च्या न्यायला आले होते, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या).

तेवढ्यात मिस बेअरस्टो उभ्या राहिल्या. या बाई निवृत्त ग्रंथपाल. आमच्या मंडळात माझ्या खालोखाल व्यवस्थित. (त्या स्वतःला माझ्या वर मानतात.)

“नेव्हिल,” त्या म्हणाल्या, “अरे, तो चहाच्या मगाचा डाग आहे.”

“मग सदतीस प्रतींवर एकाच जागी कसा?”

“मग ठेवायची जागा ठरलेली असते, बाबा. तुझी नाही का?”

माझीही आहे. सगळी खोली माझ्या हातातील ग्लासाकडे पाहू लागली. मी तो उचलला, तर टेबलावर ओले वर्तुळ उमटलेले. बारवाला फडके घेऊन आला आणि म्हणाला, “मास्तर, उचला जरा, तुमचा चंद्र पुसतो.” तेव्हापासून मी पबच्या पायरीवर पाय ठेवला की मंडळी विचारतात, “काय मास्तर, आज पौर्णिमा का?”

बत्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने यावर प्रयोग करणे क्रमप्राप्तच होते. मी जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांतून चौदा मग आणले. कडक, मध्यम आणि फिका असा तीन प्रकारचा चहा केला आणि प्रत्येक मग जाड कागदावर एक, पाच आणि वीस मिनिटे ठेवून डागांचा तक्ता तयार केला. (ग्लेनिस म्हणाली, “घरात बेचाळीस वेळा चहा झाला, त्यातला एक तरी कप मला मिळाला का?” आकडा तिने बरोबर सांगितला.) तक्त्यावरून काहीच ठरेना. तेव्हा केवळ शास्त्रीय जिज्ञासेपोटी मी माझ्याजवळची मूळ प्रत कपाटातून काढली आणि वर्तुळाला जीभ लावली. त्याच क्षणी ग्लेनिस गॅसचे मीटर वाचणाऱ्या माणसाला घेऊन आत आली. तो हळूच म्हणाला, “यांचं जेवण व्हायचंय का, बाई?” चवीवरून निष्कर्ष निघाला नाही. वर्तुळ मात्र निघाले. ज्ञात प्रती आता छत्तीस आहेत, आणि हे मी मिस बेअरस्टोंना अद्याप सांगितलेले नाही.

मागच्या महिन्यात मी तुझ्या खुब्याची चौकशी करायला फाइलीला आलो, तो केवळ खुब्यासाठी नव्हे, हे आता कबूल करतो. तू दुपारी झोपलीस तेव्हा मी तुझ्या कपाटातील सगळे मग व्हर्नियरने मोजत होतो. मिसेस ऑलरेनशॉ मागच्या दाराने बशी परत द्यायला आल्या आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “चालू द्या, चालू द्या मोजणी!” त्या म्हणाल्या. “आत्तापासूनच वाटणी? जिवंत आहे हो ती अजून!” मी तबकड्यांच्या इतिहासापासून समजवायला सुरुवात केली, पण १९८७पर्यंतच पोहोचलो आणि त्या निघून गेल्या. तुझा एकही मग ऐंशीवर एक मिलिमीटरचा निघाला नाही. परतीच्या गाडीत मी आनंदाने शीळ घालत होतो. लीड्स आल्यावर ध्यानात आले की पस्तीस वर्षांपूर्वीचे मग एव्हाना फुटलेलेच असणार.

असो. हस्तलिखित शुक्रवारी छपाईला जाते. तुला कसलाही त्रास द्यावा असा या पत्राचा हेतू नाही. प्रकृतीस जप, जिन्यावर कठडा धर.

तुझा आज्ञाधारक भाचा,
नेव्हिल आर्मिटेज

ता. क. ते टेबल तुझ्या स्वयंपाकघरातले होते. कव्हरे चिकटवणाऱ्यांत तू होतीस. खरे काय ते तुलाच ठाऊक, आणि महिन्यापूर्वी तुझ्यासमोर बसूनही विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण तू खरे सांगितले असतेस. वर्तुळ मुद्दाम काढलेले असेल तर लगेच फोन कर. चहा असेल तर कृपा करून शनिवारनंतर कळव.

दुसरा ता. क. वरचा मजकूर पुन्हा वाचला आणि लाज वाटली. बत्तीस वर्षे मुलांना सांगत आलो की आधी पुरावा, मग निष्कर्ष. चहा असेल तरीही शुक्रवारच्या आतच कळव. अठरा पाने काढून टाकीन. प्रकाशक काय म्हणायचे ते म्हणो. चुकीच्या सूचीपेक्षा सूची नसलेली बरी.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायला ग्लेनिसकडे दिले, तर तिने पत्र वाचून काढले. तुझ्या घरापासून दोन दारे सोडून वाढलेली मुलगी, आमचे लग्न तूच जमवलेस, आणि हे मला कसे सुचले नाही देव जाणे. त्या टेबलाशी तीही होती! म्हणाली, “ओल होती रे तुमच्या मावशीकडे. चिकटवलेला कोपरा सारखा उकलायचा. मग गरम चहाचा मग त्यावर दाबून ठेवायचे मी, इस्त्रीसारखा. माझ्या वाटणीची जितकी होती, तितक्यांवर डाग.” म्हणजे मावशी, चहाही खरा आणि मुद्दाम केलेलेही खरे! मी विचारले, तीस वर्षांत बोलली का नाहीस? म्हणाली, “तू मीटरवाल्यासमोर कागद चाटलास, मिस बेअरस्टोशी भांडलास, म्हाताऱ्या बाईची कपाटं उपसलीस. मला विचारलंस कधी?”

सातव्या प्रकरणात आता अठरा पानांऐवजी दोन ओळी राहतील आणि त्यांत तिचे नाव असेल. ते ऐकून तिने पत्र पुन्हा माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, “चिकटवू नकोस, आधी मावशींना माझा नमस्कार लिही.” तो लिहिला आहे. फक्त चहात साखर किती होती हे तिला आठवत नाही, आणि साखरेमुळे डागाची कड गडद होते असा माझा तक्ता सांगतो. तेवढे तूच कळव. शुक्रवारच्या आत.